सुटी रेकॉर्डं आणि शेळ्यांची नाती

धाराशिवच्या जुन्या वस्तीत एका बोळाच्या टोकाला मसूद मास्टरांचं शिलाईचं दुकान होतं. दुपारी तिथं ऊन तिरकं आत यायचं, कापडाची बारीक धूळ त्यात तरंगत राहायची, आणि मशिनीचा एकसुरी आवाज ऐकता ऐकता समोर बसलेल्या माणसाला गुंगी यायची. मी त्या दुकानात पहिल्यांदा गेले ती काही शिवायला टाकायला नाही. मी कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहिते. म्हणजे लिहीत होते; आता दोन खोल्यांचं ऑफिस बंद करून घरीच असते. मास्टरांनी मला बोलावलं होतं.

"मॅडम, आपल्याला जास्ती काई नको," ते म्हणाले. "माणसाचं नाव टाकलं की त्याचं माप आलं पायजे. बस."

मी तेव्हा उत्साहात होते. म्हटलं, कापड कुणाचं किती आलं, कपडे कधी द्यायचे, कुठल्या कारागिरानं काय शिवलं, सगळं एकमेकांत गुंफून देते.

"ते सगळं डोक्यात ऱ्हातं," मास्टर टेप गळ्यात अडकवत म्हणाले. "माप तेवढं ऱ्हात न्हाय."

मी त्यांना हवं तेच करून दिलं. बाहेरच्या माणसाला आमचं काम कळावं म्हणून सांगते. माहिती साठवायच्या मुख्यतः दोन तऱ्हा. पहिली साधी. भिंतीत कप्पेच कप्पे आहेत असं समजा. प्रत्येक कप्प्यावर एक नाव, आत त्या नावाची चिठ्ठी. नाव सांगा, चिठ्ठी हातात. या कप्प्याचा त्या कप्प्याशी संबंध नाही. याला आम्ही रेकॉर्ड मॅनेजर म्हणतो. दुसरी तऱ्हा रिलेशनल डेटाबेसची. त्यात माहितीची वेगवेगळी टेबलं असतात आणि प्रत्येक ओळीला स्वतःचा नंबर असतो. एका ओळीनं दुसऱ्या ओळीचा नंबर धरून ठेवलेला असतो. रिलेशन म्हणजे शब्दशः नातं. कोण कुणाचा कोण लागतो हे त्या यंत्राला ठाऊक असतं, आणि म्हणून त्याला आडवेतिडवे प्रश्न विचारता येतात.

माहिती फार असली की डेटाबेस घ्यावा आणि थोडी असली की साधी फाईल पुरते, असं पुष्कळांना वाटतं. मला तसं कधी वाटलं नाही. मी गिऱ्हाइकाला एवढंच विचारायची, की उद्या तुम्ही या मशिनीला काय विचारणार आहात? मास्टरांचा प्रश्न आयुष्यभर एकच राहिला, आणि त्यांचा तो साधा प्रोग्राम त्यांनी दुकान बंद करेपर्यंत एकदाही रुसला नाही. एकदा मी म्हटलं, "मास्टर, यातली बरीच माणसं आता नाहीत. त्यांची रेकॉर्डं काढून टाकू का?"

"त्यांना जागा लई लागते का?"

"नाही, तेवढी काही नाही."

"मग असू द्या." पडद्यावरच्या एका नावाकडं ते बघत राहिले. "ह्यांचे खांदे लई चांगले व्हते. कोट असा बसायचा..." हाताचा तळवा त्यांनी हवेत सपाट फिरवला आणि पुन्हा मशिनीवर वाकले.

उलट गोष्टही पाहिली आहे. आमच्याकडच्या एका मंगल कार्यालयाला कुणीतरी साध्या फायलीवर बुकिंगचा प्रोग्राम करून दिला होता. पुढच्या खोलीतल्या मशिनीवर एकानं तारीख लिहिली, मागच्या खोलीत दुसऱ्यानं तीच. फाईल बिचारी दोघांनाही हो म्हणाली. एकाच मुहूर्तावर दोन नवरदेव घोड्यावरून दाराशी आले. तिथं त्या दिवशी बँडवाल्यांनीच काय तो समजूतदारपणा दाखवला. त्यांनी आळीपाळीनं वाजवलं. नंतर ते काम माझ्याकडं आलं, आणि मी डोळे झाकून डेटाबेस बसवला. एका तारखेला एकच लग्न, हा नियम तो कुणाच्या भिडेखातर मोडत नाही.

पण मला खरं सांगायचंय ते शेळ्यांचं.

भूमच्या अलीकडं, बालाघाटच्या उतारावर एक वस्ती आहे. तिचं नाव लिहीत नाही, तिथल्या बायकांना मी विचारलेलं नाही. हिवाळ्यात सकाळी तिथं धुकं इतकं खाली उतरतं की आधी फक्त गळ्यातल्या घंट्या ऐकू येतात, मग बोरीच्या झाडाखाली काहीतरी काळं हलतं, आणि मग एकेक शेळी धुक्यातून बाहेर येते. सगळ्या काळ्या. जिल्ह्याचं नाव बदललं, पण या जातीला जग अजून उस्मानाबादीच म्हणतं. लांब कान, चकचकीत अंग, आणि जुळी करडं द्यायची हातोटी. तिथल्या बायकांनी मिळून एक गट केला होता. चांगली वाढवलेली पाट, म्हणजे तरणी शेळी, किंवा बोकड लांबलांबचे लोक पैदाशीसाठी त्यांच्याकडून घेऊन जात. घेणारा विचारायचा, हिची आई कोण, किती वेळा व्याली, लस कधी दिली? त्यासाठी नोंदी हव्या होत्या.

गटाच्या म्होरक्या गयाताई. माझ्याच वयाच्या, उंच, बोलताना मान एका बाजूला कलती ठेवायच्या. त्यांची सून सविता दहावी झालेली, तिला कॉम्प्युटर शिकायची हौस. जुना लॅपटॉप, कधीही जाणारी वीज, आणि कामाला एकटी सविता, हे बघून मी साधा रेकॉर्ड मॅनेजर दिला. प्रत्येक शेळीच्या कानात पिवळा बिल्ला, बिल्ल्याचा नंबर टाकला की तिची चिठ्ठी पडद्यावर. जन्म, आई, बाप, लसी, आणि शेवटी शेरा. तो शेऱ्याचा रकाना सवितानं फार मन लावून भरला. मी मधूनमधून जायची तेव्हा तेवढाच वाचत बसायची. 'पावसाला भिते.' 'दुसरीचं करडूबी पाजते.' 'हिला एकटं आवडतं.' चहा गार व्हायचा.

कितीतरी वर्षं ते छान चाललं. मग एका हिवाळ्यात, शेळ्या व्यायच्या दिवसांत, गयाताईंचा फोन आला.

"बाई, करडं उभी राहीनात."

त्या मला एरवी मॅडम म्हणायच्या. त्या दिवसापासून बाई म्हणायला लागल्या.

मी एसटीनं भूमला गेले, तिथून जीपनं वस्तीवर. गयाताई चुलीपाशी बसल्या होत्या. मांडीवर पोत्याच्या तुकड्यात एक करडू, त्याला त्या घासून घासून ऊब देत होत्या. करडाचे डोळे उघडे होते, पण पुढचे पाय गुडघ्यातून वाकडे होते आणि मान सारखी लवंडत होती. तसं एकच नव्हतं. काही मेलेलीच जन्मली होती, काही जन्मून दिवसभरही टिकली नव्हती. कुणी म्हणत होतं पाल्यात काहीतरी विषारी आलं, कुणी म्हणत होतं पाणी बाधलं, कुणी नजर लागली म्हणत होतं. आणि ज्याची सगळ्यांना भीती होती ते कुणीच बोलत नव्हतं. ही गोष्ट बाहेर गेली तर पुन्हा कुणी या वस्तीची शेळी नेणार नाही. बायकांनी इतक्या वर्षांत मिळवलेलं नाव एका हंगामात जाणार.

डॉक्टर जाधव, तालुक्याचे जनावरांचे डॉक्टर, दोन दिवस येऊन तपासण्या करत होते. तरुण माणूस, बोलणं हळू. ते उकिडवे बसून म्हणाले, "पाणी बघितलं, पाला बघितला. रोगाचं काही सापडत नाही. मला वाटतं, रक्त जवळ आलंय. एकाच घरातल्यांची आपसात पैदास झाली की असं होतं. या मेलेल्या करडांचे बाप कोण, आणि त्यांच्या आयांचे बाप कोण, हे कळेल का?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. सवितानं लॅपटॉप आणला, एका शेळीचा नंबर टाकला. चिठ्ठी लगेच आली. बापाच्या रकान्यात लिहिलं होतं: राजा.

"कुठला राजा?" डॉक्टरांनी विचारलं.

"शालनचा असंल," एकजण म्हणाली.

"न्हाय, शालनचा तवा इकला व्हता. खालच्या आळीतला असंल."

"त्याचं नाव बी राजाच व्हतं व्हय?"

"समद्यांचीच नावं राजा व्हती की!"

एवढ्या दुःखातही बायकांना हसू आलं. दुसरी चिठ्ठी काढली, तिथं बाप 'मोठा बोकड'. तिसरीत 'बाजारातला'. चौथीत 'गयाताईचा'. प्रत्येक चिठ्ठी आपापल्या जागी खरी होती. पण माझ्या प्रोग्रामच्या दृष्टीनं 'राजा' ही दोन अक्षरं होती. तो स्वतः एक बोकड आहे, त्याला आईबाप आहेत, त्याची चिठ्ठीही याच भिंतीत कुठंतरी आहे, हे त्याला कळायची सोयच नव्हती.

'गयाताईचा' म्हणजे सुलतान, हे मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. त्याची आई त्याला जन्म देऊन गेली होती. गयाताईंनी त्याला बाटलीनं दूध पाजलं, घरातच वाढवलं. आता तो एवढा मोठा झाला होता की पुढचे पाय उंबऱ्यावर ठेवून उभा राहिला की दार भरून जायचं. त्याला बघायला लोक गाड्या करून यायचे.

"म्हंजी आमच्या सुलतानावर आळ घेताय व्हय?" गयाताई एकदम म्हणाल्या. मांडीवरचं करडू त्यांनी घट्ट धरलं. "त्यो इतक्या वर्सांचा हाय. आजवर वाईट झालं का?"

"आळ कुणावरच नाही," डॉक्टर म्हणाले. "आधी कळू तरी द्या."

त्या दिवशी परतताना एसटीत मला डुलकी लागली. खिडकीबाहेर माळरान सरकत होतं, आणि अर्ध्या झोपेत मला काळ्या शेळ्या एका रांगेत जाताना दिसत होत्या. एकीच्या कानातून निघालेला दोरा दुसरीच्या कानात, तिच्यातून तिसरीच्या. रांग डोंगराच्या पलीकडं जात होती आणि पहिली शेळी काही केल्या दिसत नव्हती.

घरी येऊन मी ठरवलं की आता रिलेशनल डेटाबेस घ्यायचा. पूर्वी असतं तर मी धजावले नसते. तेव्हा त्याला वेगळी मोठी मशीन लागायची आणि ती सांभाळायला जाणता माणूस. अलीकडं पूर्ण डेटाबेस एका फायलीत मावतो आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतो. अडचण यंत्राची नव्हतीच. अडचण ही होती की या पद्धतीत बाप म्हणून नुसतं नाव लिहून भागत नाही. बापाला स्वतःची ओळ लागते, स्वतःचा नंबर लागतो. आईलाही. त्यांच्या आईबापांनाही. आणि ते मला कुठल्याच फायलीतून मिळणार नव्हतं.

मी पुन्हा वस्तीवर जाऊन बायकांना तसं सांगितलं.

"आन् ज्या मेल्या त्यांचं?" शालननं विचारलं. शालन म्हणजे गयाताईंची शेजारीण आणि गटातली सगळ्यात बोलकी.

"त्यांनाही नंबर द्यायचा."

"इकलेल्यांला बी?"

"इकलेल्यांनाही. ज्या ज्या होत्या, त्या सगळ्यांना."

"मेलेल्यांला नंबर," शालन पुटपुटली.

त्यानंतरच्या सकाळी माझ्या कामाच्या आयुष्यातल्या सगळ्यात सुंदर सकाळी होत्या. मी भूमला एका ओळखीच्या घरी मुक्कामाला राहिले. धुकं विरायच्या आधी वस्तीवर पोचायची. बोरीखाली घोंगडी टाकलेली असायची. एकेक बाई यायची, टेकायची, आणि डोळे बारीक करून मागचं आठवायला लागायची. सविता लिहून घ्यायची, मी शेजारी बसून जोडत जायची. कुणाला शेळी आठवायची ती वर्षावरून नाही. कुणी म्हणायची, थोरली बाळंत झाली तवा जी व्याली ती. कुणी म्हणायची, विहिरीला पाणी लागलं तवा आमच्याकडं भुरक्या कानाची पाट व्हती, तिची ही नात. शेळीची गोष्ट सांगता सांगता बाईची गोष्ट यायची. मी मध्येच थांबवायची नाही. ऊन वर चढायचं, बोरीची सावली आमच्यावरून हळूहळू सरकायची, आणि मेलेल्या, विकलेल्या, हरवलेल्या शेळ्या एकेक नंबर घेऊन पडद्यावर येऊन उभ्या राहायच्या.

"माझी पयली शेळी गयाताईनं दिली, वाट्यानं," शालन म्हणाली. वाट्यानं म्हणजे पाळायची हिनं, करडं दोघींत वाटून घ्यायची. दुसरी म्हणाली तिला शालनकडून मिळाली. तिसरीला जावेनं दिली, आणि जावेनं ती खालच्या आळीतून आणली होती. प्रत्येकीला आपापल्या एका टाक्यापुरतं ठाऊक होतं. सगळे टाके एकमेकांना जोडून आजवर कुणी बघितलं नव्हतं.

गयाताई या बैठकीला यायच्या नाहीत. लांब सुलतानाला पाला घालत उभ्या राहायच्या. विचारलं तेवढं तिथूनच सांगायच्या.

सगळं भरून झालं त्या दुपारी डॉक्टर जाधवही आले. पडद्यावर ऊन पडत होतं म्हणून सवितानं पदर आडवा धरला. मी प्रश्न लिहिला. मराठीत सांगायचा तर असा: हे मेलेलं करडू घे, त्याचे आईबाप सांग, त्यांचे आईबाप सांग, आणि जोवर कुणी सापडतंय तोवर मागं मागं जात राहा. कप्प्यांच्या भिंतीला असा प्रश्न विचारताच येत नाही. डेटाबेसला तो चारदोन ओळींत विचारता येतो.

नंबर खाली उतरत गेले. सुलतान आलाच. एका बाजूनं बाप म्हणून, दुसऱ्या बाजूनं आईचा बाप म्हणूनही. गयाताई केव्हा मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या कळलं नाही. पण यादी सुलतानावर थांबली नव्हती. ती मागं गेली आणि एका नंबरावर संपली. दुसरी बाजूही त्याच नंबरावर. मला वाटलं माझ्याकडूनच लिहिण्यात काही चुकलं. शालनच्या राजाची बाजू तर अगदी वेगळी धरली होती आम्ही. ती विचारली. चार वळणं घेऊन तीही तिथंच येऊन थांबली. मग मी एकेक करडू विचारत गेले, मेलेलं, जगलेलं, धडधाकट, कुठलंही. बाजारातून आलेल्या बोकडांच्या वाटा मध्येच तुटत होत्या, पण प्रत्येकाची एक तरी वाट त्या एका नंबरापाशी येऊन मिळत होती.

"हा नंबर कुणाचा?" डॉक्टरांनी विचारलं.

सवितानं नाव वाचलं. "काळी."

"कोण काळी?"

मागून गयाताईंचा आवाज आला, अगदी हलका. "माझी हाय ती. व्हती." त्या खाली बसल्या. "माझं लगीन झालं तवा बापानं दिली. माझं माहेर तेरचं. वऱ्हाडाच्या ट्रकात माझ्या पायाशी बसून आली. हितं नवीननवीन मला कुणी बोलायचं न्हाय, मग म्या तिच्याशीच बोलायचे. जुळी दिली तिनं, दर येळी जुळीच. एक पाट शालनच्या सासूला दिली, एक खालच्या आळीला..." त्या थांबल्या. समोरच्या उतारावर सगळ्या शेळ्या चरत होत्या, पार वरच्या कड्यापर्यंत. त्यांनी हात लांब करून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेला.

"मंग ह्या समद्या?"

"सगळ्या तिच्याच," मी म्हटलं.

वाऱ्यानं घंट्या वाजत होत्या. गयाताई आधी हसल्या, मग पदर डोळ्यांना लावला, मग पुन्हा हसल्या. "आन् मला वाटायचं ती मरून गेली," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी समजावलं. दोष सुलतानाचा नाही, काळीचा तर नाहीच. एका घराण्याचीच सगळी वस्ती झाली आणि त्यांच्या आपसातच सोयरिकी होत राहिल्या. पूर्वी कळप लहान होते, बोकड विकले जायचे, बाजारातून नवे यायचे. गटाचं नाव झालं तसे घरचेच चांगले बोकड ठेवले गेले, आणि रक्त जवळ येत गेलं. आता उपाय एकच, सगळे बोकड बदलायचे आणि लांबचे आणायचे.

"आदी सुलतान जाऊ दे," शालन म्हणाली. "मंग आमी आमचे देतो." बोलल्यावर तिला स्वतःलाच ते लागलं असावं, कारण ती लगेच उठून गेली.

गयाताईंनी काही दिवस कुणाला उत्तर दिलं नाही. सविता फोनवर सांगायची, आत्या (सासूला ती आत्याच म्हणते) दिवसभर सुलतानाजवळ असतात, काही बोलत नाहीत. मी मध्ये पडले नाही. माझं काम नाती दाखवायचं होतं, तोडायचं नव्हतं, असं मी स्वतःला सांगत होते. तरी रुखरुख लागलीच. तो साधा प्रोग्रामच राहिला असता तर काळीचं कुणाला कळलं नसतं. करडं मरत राहिली असती आणि सुलतान मात्र दारात उभा राहिला असता.

मग एक दिवस त्यांचाच निरोप आला. डॉक्टरांनी येडशीच्या बाजूचा एक गट शोधला होता, त्यांच्या शेळ्यांशी इकडचं काही नातं नव्हतं. सुलतान तिकडं जाईल, तिकडचा बोकड इकडं येईल. तिकडच्या नोंदी घ्यायला मी सोबत गेले. गयाताई पुढं ड्रायव्हरशेजारी बसायला तयार होईनात. त्या मागं टेम्पोत, सुलतानाला टेकून बसल्या. म्हणून मीही मागंच बसले. येडशीजवळ आलो तसा रामलिंगाच्या जंगलाचा ओला वास आला. सुलताननं नाक वर करून तो घेतला. गयाताईंनी त्याच्या कानामागं खाजवलं. "हितं पाला लई हाय रे," त्या त्याला म्हणाल्या.

तिकडच्या बाईच्या हातात दोरी देताना त्यांनी सगळं सांगितलं. काय खातो, काय खात नाही. "नावानं हाक मारा. दोरी ओढलेली त्याला खपत न्हाय." मग चहा घेतला, पदर खोचला, आणि म्हणाल्या, "दावा आता तुमचे." तिथले सगळे बोकड त्यांनी हिंडून बघितले, पाय दाबले, दात बघितले, छातीवर हात फिरवला, आणि एक निवडला.

परत येताना नवा बोकड टेम्पोच्या कोपऱ्यात बावरून उभा होता.

"ह्याला नाव काय हाय?" गयाताईंनी विचारलं.

"नाव नाही सांगितलं त्यांनी. नंबर आहे."

"नंबरला हाक कशी मारायची?" त्या म्हणाल्या, आणि वस्ती येईपर्यंत त्याच्याकडं बघत राहिल्या.

हळूहळू बाकीच्यांनीही बोकड बदलले. शालननं सगळ्यात शेवटी. नव्या प्रोग्रामला सविता आधी वैतागली. "पयला बरा व्हता. काई बी लिवलं तरी गुमान घ्यायचा. हा बापाचं नुसतं नाव घेतच न्हाय, नंबरच मागतो." तिचं खरं होतं. शिवाय 'हिला एकटं आवडतं' हे लिहायला माझ्या नीटनेटक्या टेबलांत चांगली जागा सापडत नव्हती. म्हणून जुना प्रोग्राम मी काढलाच नाही. नात्यांसाठी नवा, शेऱ्यासाठी जुना, असे दोन्ही त्याच लॅपटॉपवर चालतात. आमच्या धंद्यातल्या कुणी बघितलं तर हसेल. एकच काय ते निवडा, म्हणेल. मी बहुतेक वेळा एकच निवडलं, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही होतं. त्या वस्तीवर मात्र मला निवडवलं नाही.

पुढच्या हंगामात, सकाळीच, सविताचा व्हिडिओ फोन आला. धुक्यामुळं तिचा चेहराच तेवढा दिसत होता.

"ताई, नव्या बोकडाची पयली करडं झाली. जुळी."

"उभी राहिली का?"

"उभी? पळत्यात!" तिनं फोन फिरवला. दोन काळे ठिपके धुक्यात उड्या मारून गेले. "एक इचारायचं व्हतं. बापाचा नंबर टाकला. पर बापाच्या आईबापाचं काय टाकू? येडशीकडच्यांनी त्याला बाजारातनं आणलेला, त्यांला बी ठावं न्हाय."

"कोरं ठेव."

"शून्य टाकू?"

"नको. शून्य म्हणजे काहीतरी टाकल्यासारखं होईल. कोरं ठेवलं की यंत्राला कळतं, हे आपल्याला माहीत नाही."

तिनं टाइप केलं. मग तिला राहवलं नाही. तिनं तो मागं मागं जाणारा प्रश्न विचारला आणि मोठ्यानं वाचायला लागली. आई, आईची आई, तिची आई, आणि शेवटी काळी. मग बापाची बाजू. बाप. आणि तिथंच थांबली.

मागून गयाताईंचा आवाज आला. "हिकडनं का थांबलं गं?"

"तिकडचं आपल्याला म्हाईत न्हाय, आत्या."

फोनवर मागं घंट्या वाजत होत्या.

"बरं झालं," गयाताई म्हणाल्या. "लई बरं झालं. आता ठिव ते मशीन, आन् करडं घेऊन ये हिकडं. पाजायची हायेत."